डायटॉनिक की क्रोमॅटिक? पारंपरिक संगीतासाठी बटणांचा अ‍ॅकॉर्डियन निवडताना

आपल्याकडे अ‍ॅकॉर्डियन म्हटलं की उजव्या हाताला पियानोसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असलेलं, हिंदी सिनेगीतांच्या वाद्यवृंदातलं वाद्य डोळ्यांपुढे येतं. युरोप आणि अमेरिकेच्या लोकसंगीतात मात्र मोठा हिस्सा बटणांच्या अ‍ॅकॉर्डियनचा आहे. तो घ्यायला निघालेला माणूस पहिल्याच दिवशी अडतो, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पेट्या आतून वेगळ्या तत्त्वावर चालतात. एकीवर कमावलेली बोटं दुसरीवर जवळजवळ निकामी ठरतात. म्हणून हा निर्णय पैसे मोजण्याआधी घ्यायचा.

इथे मुख्य उदाहरण आयरिश पारंपरिक संगीताचं घेतलं आहे, कारण तिथे हा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा होतो. इतर परंपरांमध्ये उत्तर बरंच सोपं आहे. तेही पुढे येईल.

फरक नेमका कुठे आहे

हार्मोनियम उघडून पाहिली असेल तर पितळी रीड ओळखीची असेल. अ‍ॅकॉर्डियनमध्येही तीच मुक्त रीड असते, फक्त तिथली पात पोलादी असते आणि धातूच्या प्रत्येक रीडपट्टीवर दोन पाती बसवलेल्या असतात: एक भाता मिटताना वाजते, दुसरी उघडताना. नको असलेल्या दिशेची हवा अडवायला चामड्याची किंवा प्लॅस्टिकची बारीक झडप असते.

आता या दोन पाती एकाच सुराच्या ठेवल्या, तर बटण दाबल्यावर भाता कुठेही जावो, सूर तोच येतो. हा क्रोमॅटिक. दोन पाती वेगळ्या सुरांच्या ठेवल्या, तर एकाच बटणातून मिटताना एक आणि उघडताना दुसरा सूर निघतो. हा डायटॉनिक. माउथ ऑर्गन ओढून-फुंकून वाजवला असेल तर ही रचना लगेच कळेल.

डायटॉनिकची एक ओळ सरगममध्ये अशी लिहिता येते. मधल्या सप्तकात चार बटणं. पहिलं मिटताना सा, उघडताना रे. दुसरं ग आणि म. तिसरं प आणि ध. चौथं मिटताना सां, उघडताना नी. म्हणजे सा ते प ‘मिट-उघड, मिट-उघड’ असा क्रम चालतो, ध आणि नी मात्र लागोपाठ उघडताना येतात. नवशिका पहिल्यांदा इथेच अडखळतो. दुसरी अडचण वरच्या सप्तकात: तिथे गं मिटताना देणाऱ्या बटणावर उघडताना म नसून रें असतो, पं च्या बटणावर मं असतो. मिटताना सा-ग-प हे तीनच सूर फिरत राहतात आणि उघडताना रे-म-ध-नी हे चार, त्यामुळे प्रत्येक सप्तकात जोड्या एका घराने सरकतात. खालच्या सप्तकात पाठ केलेली चाल वर तशीच चालत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

क्रोमॅटिकमध्ये बारा सूर तिरप्या रांगांत पेरलेले असतात. एका ओळीत लगतच्या दोन बटणांमध्ये तीन अर्धस्वरांचं अंतर असतं, आणि तीन ओळी मिळून बाराही सूर पूर्ण होतात. पाच ओळींच्या वाद्यात चौथी आणि पाचवी ओळ म्हणजे पहिल्या दोन ओळींचीच पुनरावृत्ती असते. तिचा उपयोग मोठा आहे: तीन ओळींवर बारा पट्ट्यांसाठी बोटांच्या तीन चाली लागतात, पाच ओळींवर एकच चाल सगळीकडे सरकवता येते. बटणांच्या ‘सी-प्रणाली’ या मांडणीत सी हा सूर (पांढरी एक) बाहेरच्या ओळीत असतो, आणि पांढरी एकची सरगम ओळींच्या क्रमाने १-३-२-३-२-१-३-१ अशी जाते. हाच आकार उचलून दोन ओळी आत नेला की पांढरी दोन: ३-५-४-५-४-३-५-३. पट्टी बदलली तरी हाताला काही नवीन शिकावं लागत नाही. पेटीवर काळी चारला गाताना बोटांची होणारी तारांबळ ज्यांनी अनुभवली आहे त्यांना याचं मोल सांगायला नको.

नावांचा घोळ

‘डायटॉनिक म्हणजे अपुऱ्या सुरांचा आणि क्रोमॅटिक म्हणजे बाराही सुरांचा’ ही व्याख्या ऐकायला सोपी आहे, पण फसवी. आयरिश वादकांचा दोन ओळींचा बी/सी अ‍ॅकॉर्डियन (एक ओळ बी पट्टीची, दुसरी सी ची) बाराही सूर देतो, तरी तो मिट-उघड प्रकारचाच आहे. स्कॉटलंडमध्ये जिमी शँड यांनी लोकप्रिय केलेला तीन ओळींचा बी/सी/सी शार्प ‘ब्रिटिश क्रोमॅटिक’ या नावाने ओळखला जातो. त्याचा उजवा हात मिट-उघड, तर डावा हात दोन्ही दिशांना सारखा. उलट रशियातली ‘ख्रोमका’ नावाची गार्मोन (तिथली बटणांची पेटी) साध्या सप्तकाच्या रचनेची आहे, पण तिचा सूर दोन्हीकडे तोच राहतो.

म्हणून विक्रेत्याला नाव विचारू नका. तीन गोष्टी विचारा. एकच बटण दाबून भाता उघड-मिट केला तर सूर बदलतो का? लगतच्या ओळींमध्ये अंतर किती? आणि डाव्या बाजूला बटणं किती? डावीकडे 2, 4, 8 किंवा 12 बटणं असतील तर वाद्य बहुतेक डायटॉनिक. 48, 72, 96, 120 असतील तर बहुतेक क्रोमॅटिक, वरचा स्कॉटिश अपवाद सोडून. ऑनलाइन खरेदीत बटण एक, दिशा दोन असा दहा सेकंदांचा व्हिडिओ मागवला की शंका उरत नाही.

आधी परंपरा, मग पेटी

‘जास्त सूर देणारं वाद्य घेतलं की सगळंच वाजवता येईल’ हा विचार व्यवहारी वाटतो. लोकसंगीतात तो चुकतो, कारण तिथल्या चाली, अलंकार आणि ठेका त्या त्या वाद्याच्या मर्यादांतूनच घडलेले असतात. मिट-उघड वाद्यावर दिशा बदलताना दोन सुरांमध्ये एक सूक्ष्म फट पडते. नाचाच्या संगीतातला झोका बराचसा त्या फटीतून येतो. क्रोमॅटिकवर तीच धून सुरेल आणि सलग येते, पण झोका वादकाला बोटांनी आणि भात्याच्या हलक्या धक्क्यांनी मुद्दाम आणावा लागतो. ते जमतं, पण त्यासाठी ती शैली आधी कानात मुरलेली हवी.

तेव्हा पहिलं काम: तुम्हाला खरोखर वाजवायच्या आहेत अशा दहा धुना लिहून काढा, आणि त्या धुना त्या प्रदेशातले लोक कशावर वाजवतात ते पाहा.

लुइझियानाचं केजन संगीत हवं असेल तर विचार करायचा प्रश्नच नाही. एक ओळ, दहा बटणं, वर रीडसंच चालू-बंद करायच्या चार खुंट्या, पट्टी सी किंवा डी. क्वेबेकच्या जुन्या नाचांसाठीही एक ओळ, बहुधा डी. टेक्सासच्या सीमेवरचं कोन्हुन्तो आणि कोलंबियाचं वाय्येनातो तीन ओळींच्या डायटॉनिकवर चालतं. वाय्येदुपार शहरात 1968 पासून भरणाऱ्या वाय्येनातो उत्सवात याच वाद्याच्या वादकांची स्पर्धा असते. उजवीकडे 31, डावीकडे 12 बटणं हे तिथलं नेहमीचं माप. स्लोव्हेनियाची ‘फ्रायटोनारित्सा’ आणि ऑस्ट्रियाची श्टायरिश हार्मोनिका तीन-चार ओळींची, खर्जात घुमणाऱ्या हेलिकॉन बासची असते. इंग्लंडच्या मॉरिस नाचांना डी/जी लागतो. फ्रान्सच्या ग्रामीण नाचसभांत जी/सी चालतो.

याच फ्रान्समध्ये पॅरिसचं म्युझेट वॉल्ट्झ वाजवायचं असेल तर मात्र क्रोमॅटिक, सी-प्रणाली. फिनलंड आणि स्वीडनमध्येही क्रोमॅटिक सी-प्रणालीच रुळलेली आहे. सर्बिया-बोस्नियाचे वेगवान कोलो नाच बी-प्रणालीवर बसलेले आहेत, आणि रशियाचा बायानही बी-प्रणालीचाच. नॉर्वेत दोन्ही परंपरा जिवंत आहेत. तिथे ‘तोराडेर’ म्हणजे दोन-ओळी डायटॉनिकचा स्वतंत्र बाज आहे.

बी आणि सी प्रणाली एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा आहेत. दोन्ही सारख्याच सक्षम आहेत. निवड एकाच निकषावर करा: तुमचे गुरू कुठली वाजवतात. आरशात पाहून शिकणं फार त्रासाचं असतं.

एकाहून अधिक देशांचं संगीत, शिवाय मराठी-हिंदी गाणी आणि गायकाच्या पट्टीला साथ असा मनसुबा असेल तर क्रोमॅटिक घ्या आणि पुढचा आयरिश भाग कुतूहल म्हणून वाचा. पेटीवादकालाही क्रोमॅटिक जवळचं वाटतं, कारण सूर भात्याशी बांधलेला नसतो.

आयरिश संगीतासाठी: बी/सी, सी शार्प/डी की डी/जी

आयरिश धुनांच्या पट्ट्या आपल्या भाषेत सांगायच्या तर पांढरी दोन (डी) आणि पांढरी पाच (जी) यांचं राज्य. त्यांच्याच सुरांतून इतर आधारस्वरांवरच्या धुना निघतात. बिलावल, खमाज, काफी आणि आसावरी थाटांशी जुळणारी सप्तकं तिथे सर्रास वापरतात. ई आधारस्वरावरच्या काफी-सदृश सप्तकाला डी मेजरचेच सूर लागतात, ए वरच्या काफी-सदृश सप्तकाला जी मेजरचे. म्हणजे एफ शार्प, सी आणि सी शार्प सहज हाती असले की बहुतांश धुना निभतात. ए मेजरच्या धुनांना जी शार्पही लागतो.

डी/जी मध्ये दोन ओळी पाच अर्धस्वरांच्या अंतरावर असतात. हे वाद्य शिकायला सर्वांत सुसह्य, आणि डाव्या हाताची साथ खणखणीत. त्याच्या दोन ओळींत एफ शार्प, जी, ए आणि बी हे चार सूर दोन्ही दिशांना मिळतात. डी फक्त मिटताना, ई, सी आणि सी शार्प फक्त उघडताना. हा तक्ता पाठ असेल तर भात्याची दिशा ठरवण्यात वादकाला बरीच मोकळीक मिळते. उणीव अशी की जी शार्पसारखे सूर ओळीच्या टोकाच्या एक-दोन बटणांवर ढकललेले असतात. आयरिश बैठकीत हे वाद्य चालतं, पण अलंकारांची आयरिश बोली त्यावर अवघडते.

बी/सी मध्ये बाहेरची ओळ बी, आतली सी. दोहोंत अर्धस्वराचं अंतर. ज्या पट्टीत सर्वाधिक वाजवायचं ती डी यात एका ओळीत सापडतच नाही, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं. डी ला सा धरून सरगम लिहू: सा उघड, रे मिट, ग मिट, म मिट, प उघड, ध उघड, नी उघड, सां उघड. त्यातले ग आणि नी बाहेरच्या ओळीतून, बाकीचे आतल्या. दिशाबदल थोडेच, म्हणून धून वाहती होते, सूर एकमेकांत मिसळतात. टिपरेरीचे पॅडी ओब्रायन (1922–1991) यांनी या पद्धतीला जे रूप दिलं ते पुढे आयर्लंडभर पसरलं. जो बर्क आणि शॅरन शॅनन हे याच वाटेचे.

वाहतेपणाची किंमत भात्यात मोजावी लागते. वरच्या सरगमीत आठपैकी पाच सूर उघडताना आहेत, त्यामुळे डी मधल्या धुनेत भाता उघडत जातो आणि हवा परत मिळवायला जागा उरत नाही. यावर उपाय दोन. बी आणि ई हे दोनच सूर दोन्ही दिशांना मिळतात. जिथे भाता फार उघडला असेल तिथे बी बाहेरच्या ओळीतून मिटताना घ्यायचा. दुसरा उपाय डाव्या अंगठ्याखालचं हवेचं बटण. मिटतानाच्या सुरावर ते अर्धवट दाबलं की सूर वाजत असतानाच भाता भरभर मिटतो. जी मध्ये ही अडचण येत नाही, तिथे दोन्ही दिशांचा तोल आपसूक साधतो.

सी शार्प/डी मध्ये गणित नेमकं उलटतं. आतली ओळच डी असल्याने धून मुख्यतः एका ओळीवर, मिट-उघड करत चालते, आणि बाहेरची ओळ कमी पडलेले सूर पुरवते. एफ शार्प आणि सी शार्प दोन्हीकडे मिळतात. डी मध्ये तोल उत्तम, जी मध्ये मात्र जी, बी, सी आणि ई हे चार सूर उघडताना येतात आणि हवेचं नियोजन करावं लागतं. आवाजाला ठोसा आहे, नाचणाऱ्याच्या पायाला तो लगेच कळतो. गॉलवेचे जो कूली (1924–1973) या ‘प्रेस अँड ड्रॉ’ शैलीचं मोठं नाव. कॉर्क-केरीच्या सीमेवरच्या स्लीव लूखरा भागातल्या पोल्का आणि स्लाइड या नाचधुना ऐकून तुम्ही या वाद्याकडे आला असाल, तर जॅकी डेली यांचं सी शार्प/डी वादन लावा. निर्णय बहुधा तिथेच होईल.

अलंकारांवर एक शब्द, कारण निवड खरी इथे बोलते. आयरिश ‘रोल’ म्हणजे मूळ सूर, वरचा, मूळ, खालचा, पुन्हा मूळ, अशी पाच सुरांची झटकन घेतलेली मुरकी. मिट-उघड वाद्यावर ती एका दिशेत बसावी लागते. बी/सी वर एफ शार्पची रोल सुखाची, कारण ई, एफ शार्प आणि जी तिन्ही मिटताना मिळतात. ए ची रोल घेताना खालचा जी उघडताना मिळत नाही, म्हणून वादक बाहेरच्या ओळीतला जी शार्प घेतात. त्या वेगात तो बेसूर वाटत नाही, उलट बी/सी चा खास रंग होऊन बसला आहे. जी च्या रोलला वरचा ए मिटताना कुठेच नाही. तिथे मिटताना सापडणारा वरचा दुसरा एखादा सूर घ्यायचा, नाहीतर रोल सोडून एकच सूर तीन बोटांनी तीनदा वाजवायचा. क्रोमॅटिकवर यातली एकही अडचण नाही. म्हणूनच त्यावर नवशिके अलंकारांचा मारा करतात आणि धून गुदमरते.

आयर्लंडमध्ये शिकवणारे बहुतेक बी/सी शिकवतात, जुनी वाद्यंही त्याचीच जास्त मिळतात. जवळ गुरू नसेल आणि मन एका बाजूला झुकत नसेल तर बी/सी घ्या. मन झोक्याच्या, तालाच्या बाजूला असेल तर सी शार्प/डी. दोन्ही घेऊन बघू म्हणणारा दोन्हीकडे कच्चा राहतो, निदान पहिली दोन वर्षं.

माप, वजन आणि रीडचा थाट

दोन ओळींचा डायटॉनिक साधारण 3 ते 5 किलोचा, 21 किंवा 23 बटणांचा, डावीकडे 8. क्रोमॅटिक 60–72 बासचा (म्हणजे डावीकडे तितकी बटणं) 6 ते 8 किलोच्या आसपास, 120 बासचा 10–12 किलोपर्यंत. पाठीचा त्रास असेल किंवा लोकलने ये-जा करून शिकायला जायचं असेल तर हे आकडे सुरांच्या चर्चेइतकेच महत्त्वाचे. पारंपरिक नाचांना 120 बासची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. 48 ते 72 पुरतात.

एका बटणाला किती रीड एकत्र वाजतात त्याला ‘व्हॉइस’ म्हणतात. आयरिश वादनाला दोन व्हॉइस पुरेत. त्या दोघींमध्ये मुद्दाम थोडा फरक ठेवतात, त्याने आवाज थरथरतो. फरक सेंटमध्ये मोजतात, एका अर्धस्वराचे 100 सेंट. 0 ते 5 सेंट म्हणजे कोरडा, स्पष्ट आवाज. 15 ते 25 म्हणजे पॅरिसचं म्युझेट. आज आयरिश बैठकीत कोरड्याकडे झुकणारा सूर पसंत पडतो, जुन्या ध्वनिमुद्रणांत थरथर जास्त ऐकू येते. फार थरथरणारा अ‍ॅकॉर्डियन फिडल आणि फ्लूटच्या बैठकीत सगळ्यांना झाकून टाकतो आणि शेजारी बसलेल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. विकत घेताना सेंटचा आकडा विचारा, ‘गोड आवाज आहे’ यावर विसंबू नका.

रीडची संख्या मोजायची सवय लावून घ्या, कारण दुरुस्तीचा खर्च तिच्यावर ठरतो. 23 बटणं, दोन व्हॉइस, दोन दिशा: फक्त उजव्या हाताच्या 92 पाती. तीन व्हॉइस असतील तर 138. क्रोमॅटिकमध्ये 46 सूर आणि तीन व्हॉइस असतील तर 276. जुनं मोठं क्रोमॅटिक स्वस्तात मिळालं म्हणून हुरळून जाण्याआधी हा गुणाकार करावा. सगळ्या पाती पुन्हा सुरात लावायला लागल्या तर स्वस्ताई तिथेच संपते.

जुनं वाद्य तपासताना

आधी भाता. पट्टा सोडा, उजवी बाजू वर धरा, कोणतंही बटण न दाबता डावी बाजू खाली लोंबू द्या. दोन-तीन सेकंदांत भाता पूर्ण उघडला तर हवा गळते आहे. गळती भात्याच्या कोपऱ्यांतून असेल तर दुरुस्ती शक्य आणि मर्यादित. बटणांखालच्या गाद्या कडक होऊन गळत असतील तर सगळ्याच बदलाव्या लागतात. उजव्या बाजूच्या जाळीवर गाल धरून भाता हलका दाबला की कुठून वारा येतो ते कळतं.

मग प्रत्येक बटण, दोन्ही दिशांना, आधी अगदी हळू हवेत. चांगली रीड कुजबुजीतही लगेच बोलते. उशिरा बोलणाऱ्या रीडखाली बहुधा धूळ, गंज किंवा वळलेली झडप असते. जोरात ओढल्यावर सूर किंचित उतरतो ते स्वाभाविक आहे, मोठ्या रीडमध्ये जास्त. पण ‘फट्’ असा आवाज करून उशिरा बंद होणारी झडप म्हणजे चामडं वळलेलं आहे. डावीकडचीही बटणं विसरू नका. तिथला एखादा सूर बटण सोडल्यावरही चालू राहिला तर आतला दुवा वाकलेला किंवा अडकलेला असतो.

फोनवरचा ट्यूनर 440 हर्ट्झवर लावून ए वाजवा. काही जुनी वाद्यं 442 किंवा त्याहून वर लावलेली असतात. एकट्याला ते कळत नाही, बैठकीत मात्र लगेच टोचतं. एकच व्हॉइस चालू करता येत असेल तर त्यावरच मोजा, दोन एकत्र असताना सुई स्थिर राहत नाही.

शक्य असेल तर मालकाला पेटी उघडायला सांगा. भात्याच्या कडेच्या खिळ्या काढल्या की रीडचे लाकडी ठोकळे दिसतात. रीडपट्ट्या मेणाने बसवलेल्या असतील तर मेण पाहा. मधासारखा रंग आणि नखाला किंचित मऊ लागणं चांगलं. पांढरट, भेगाळलेलं, ठिसूळ मेण असेल तर पट्ट्या एकेक करून सुटायला लागतील. पातींवर तपकिरी ठिपके म्हणजे गंज. वरवरचा असेल तर काढता येतो, पण काढताना सूर हलतो आणि पुन्हा लावावा लागतो. कुबट वास आला तर चामडं आणि पुठ्ठा ओल धरून आहेत. तो वास जात नाही.

वाद्याच्या पट्ट्या बदलून घेण्याचा मोह टाळा. ‘डी/जी स्वस्तात मिळतोय, रीड बदलून बी/सी करून घेऊ’ हे कागदावर शक्य आहे, पण संपूर्ण रीडसंच बदलण्याचा खर्च बहुधा वाद्यापेक्षा जास्त होतो.

आपल्या हवेत ठेवायचा कसा

कोकणपट्टीचा पावसाळा पोलादी पातींना मानवत नाही. आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांत राहिली तर उत्तम. ते घरभर जमणार नाही, पण पेटीच्या डब्यात जमतं. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा, पुड्या रंग बदलल्या की तापवून वाळवा. एसीच्या थंड खोलीतून दमट व्हरांड्यात आणून लगेच वाजवायला बसू नका. थंड पातींवर दव धरतं. डबा बंदच ठेवून अर्धा तास जाऊ द्या.

उन्हाळ्यात बंद गाडीत वाद्य ठेवलं तर मेण मऊ होऊन पट्ट्या आत गळून पडतात. हे एका दुपारीही होतं. वाद्य आडवं न टाकता वाजवताना जसं उभं असतं तसं ठेवा, म्हणजे झडपा आपल्या वजनाने एका बाजूला लटकत नाहीत. आणि वाजवत राहा: आठवड्यातून दोनदा प्रत्येक बटण दोन्ही दिशांना फिरवलं तर झडपा सरळ राहतात.

पेटी दुरुस्त करणारा कारागीर पाती घासून सूर लावण्यात वाकबगार असू शकतो, पण अ‍ॅकॉर्डियनची झडप, मेण आणि एकाच पट्टीवरच्या दोन पाती हे त्याच्या रोजच्या कामातलं नसतं. मागची पात काढण्यासाठी मेण तोडण्याआधी त्याने असं काम केलं आहे का ते विचारा.

पहिले सहा आठवडे

डायटॉनिक घेतला असेल तर पहिले दोन आठवडे उजव्या हाताची एकच पट्टी, तीही भात्याच्या दिशेसकट म्हणून: ‘सा मिट, रे उघड’ असं तोंडाने म्हणत. लिहिताना सुराखाली मिटण्याची खूण एक आणि उघडण्याची दुसरी ठेवा. तिसऱ्या आठवड्यापासून एक जिग (आयरिश नाचधून) घ्या. तिच्या एका आवर्तनात सहा मात्रा, तीन-तीनच्या, आपल्या दादऱ्यासारख्याच विभागलेल्या. मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक, एका ठोक्यात तीन सूर. बैठकीत हाच वेग 110 ते 125 असतो, पण तिकडे जायची घाई केली की दिशाबदलाच्या जागी हिसका पडतो आणि तो हिसका पुढे महिनोन्‌महिने निघत नाही. हवेचं बटण पहिल्या दिवसापासून वापरा. भाता एक तृतीयांशापेक्षा जास्त उघडा राहत असेल तर कुठेतरी हवा वाया जाते आहे.

क्रोमॅटिक घेतला असेल तर काम उलटं. सूर लवकर सापडतील, भाता मागे राहील. पहिल्या आठवड्यापासून प्रत्येक दोन आवर्तनांनी दिशा बदलायची आणि ती वाक्याच्या शेवटीच, मध्ये नाही. पाच ओळी असतील तर सुरुवातीला बाहेरच्या तीनच वापरा. चौथ्या-पाचव्या आठवड्यात तीच धून पांढरी दोनवरून पांढरी पाचवर नेऊन पाहा. ती नेता आली आणि झोका मात्र सपाट वाटला, तर त्याच धुनेचं एखाद्या डायटॉनिक वादकाचं ध्वनिमुद्रण निम्म्या वेगाने लावा आणि फट कुठे पडते ते पेन्सिलीने खुणवून घ्या.

डावा हात दोन्हीकडे सहाव्या आठवड्यापर्यंत मोकळाच ठेवला तरी चालतो. आयरिश वादनात तो तसाही हात राखून वापरतात, आणि जुन्या बी/सी पेट्यांवर डावीकडचे सूर डी किंवा जी शी नीट जुळतही नाहीत. तिथे चुकीचा कॉर्ड धरण्यापेक्षा काहीच न धरलेलं बरं.